सांगून आलो, जेवाले चाललो

आमचे गुणवंतभाऊ रोज संध्याकाळी काम संपलं की कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे पाहून म्हणतात, "हो, जेवतो." मग चपला घालतात आणि तडक बसस्टँडजवळची खानावळ गाठतात. वाटेत कोणी चहाला हाक मारली तर थांबत नाहीत. "सांगून आलो गा, जेवाले चाललो," म्हणत पुढे. घरी एकटा माणूस. हे सांगून येतात तरी कोणाला, याचा आमच्या मोहाडी गावात कुणालाच पत्ता नव्हता. लोक आपले हसायचे.

आमच्या विणकर संस्थेत मी कोशाच्या रेशमी साड्यांची विक्री पाहते आणि गुणवंतभाऊ कॉम्प्युटर पाहतात. उभा जन्म हातमागावर काढला आणि उतारवयात हा नाद लागला. कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचं एक जुनं मशीन आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टिम. पण लिनक्सचीही शंभर घराणी असतात म्हणे, आणि भाऊंनी निवडलेलं घराणं असं की ते चालवणारी जगातली सगळी माणसं एका बैलबंडीत मावतील.

मागच्या महिन्यात आमचे सचिव पडोळेसाहेब मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकत घेऊन आले. संस्थेच्या स्वतःच्या नावाचा पत्ता हवा, गिऱ्हाइकांच्या मेल तिथेच याव्यात, असा बेत. हे सॉफ्टवेअर दोन-चार नामांकित लिनक्सांवरच चालतं, हे साहेबांनी भाऊंना न विचारताच घेतल्यामुळे नंतर कळलं. भाऊंच्या मशीनवर ते आडवं झालं. ही सिस्टिम आम्हाला चालत नाही, एवढं बोलून बंद.

कंपनीच्या मुलाने फोनवर सोपा उपाय सांगितला, "अंकल, सब फॉर्मेट कर दो, दूसरा डाल दो."

साहेबांना ते लगेच पटलं. "शनिवार संध्याकाळपर्यंत बसलं तं बसलं, भाऊ. नाई तं तुमची सिस्टिम पुसून दुसरी टाकू."

भाऊंचा चेहरा पार उतरला. "पुसून टाकू म्हनते. मशीन होय का पाटी होय?"

मला हा निव्वळ हट्ट वाटला. तसं बोललेही, "टाका ना दुसरी. काय फरक पडते?"

"तुमाले नाई समजन, ताई," म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मी चिडले, पण चष्मा घेऊन शेजारी जाऊन बसले. एकट्याला सोडवेना.

"हे सॉफ्टवेअर म्हंजे सोयरिकीले आलेला पाव्हना," भाऊ म्हणाले. "पह्यले गाव पुसते, मंग पानी पेते." मशीनमध्ये एक फाइल असते, तिच्यात मशीनचं नावगाव लिहिलेलं असतं. भाऊंनी तिथे एका बड्या घराण्याचं नाव लिहून टाकलं. पाहुणा खूश होऊन आत आला.

आत आल्यावर त्याला एक फाइल सापडेना. फाइल होती, पण वेगळ्या नावाने. "घरी बाळू, शाळेत बालकृष्ण. पोरगा येकच," म्हणत भाऊंनी तिला दुसरं नाव जोडून दिलं. तरी सापडेना. अख्खी दुपार ते कंपनीला शिव्या घालत होते. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, नावात एक अक्षर जास्त पडलंय."

"तुमी मदतीले बसल्या का चुका काढाले?" असं म्हणून त्यांनी ते गुपचूप खोडलं.

मग मेल यायच्या दारातच एक जुना, छोटा मेलचा प्रोग्रॅम बसलेला निघाला. "हा पह्यलाच पाव्हना ओसरीवर लोळून राह्यला," म्हणत त्याला उठवलं. कंपनीचा मुलगा हे सगळं ऐकून फोनवर खदखदून हसला. "अंकल, चल गया तो भी सपोर्ट नहीं मिलेगा."

"सपोर्ट नोको बापा, आशीर्वाद दे."

शनिवारी ऊन उतरताना भाऊंनी शेजारच्या खोलीतल्या साहेबांना पहिली मेल धाडली. मजकूर एवढाच: "बसलं. गुणवंत." आम्ही दोघं दाराकडे डोळे लावून बसलो. साहेब मोबाइल नाचवत आले, "आली, आली," म्हणाले आणि तसेच पेढे आणायला गेले. भाऊंनी खुर्चीसकट एक गिरकी घेतली.

मग ते लॉगआउट करू लागले. लॉगआउटच्या वेळी त्यांच्या शेजारी बसायची माझी ही पहिलीच वेळ. काळ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली:

"चालले का जी? जेवून घेजा. उपाशी झोपू नोका."

"हो, जेवतो," भाऊ म्हणाले. मग मी तिथे आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

"सिंधूचं बोलनं होय," ते हळूच म्हणाले. सिंधूताई त्यांची बायको. मी संस्थेत येण्याआधीच त्या वारल्या. मी त्यांचा फक्त हार घातलेला फोटो पाहिला आहे. "ती होती तवा मी हे लिनक्स झाडीबोलीत करून राह्यलो होतो. तिले पुसत जावो, मी घरून निघालो तं तू काय म्हनते? भलताच कोनी दारात आला तं काय म्हनते? ती मागाच्या कांड्या भरता भरता सांगे, अना हासे. मोठ्या कंपन्याईच्या यादीत आपली बोलीच नाई, ताई. ह्या लहान लिनक्सवाल्या लोकाईनं घेतली. पासवर्ड चुकला ना, तं म्हनते, कोन होय जी, ओरखलं नाई."

काय फरक पडतो, असं मीच विचारलं होतं.

"अन् रोज खरंच जेवता?"

"मंग? तिले हो म्हनून बसलो. आता खोटा कसा पडू?"

तेवढ्यात साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "अरे भाऊ, चालले कुठं? चहा सांगितला सगळ्याईले, बसा."

भाऊंचा एक पाय चपलेत होता.

"जाऊ द्या त्याईले, साहेब," मी म्हटलं. "सांगून आले ते."