गिरजेचं बीळ आणि नागोबांची मायभूमी

एका जंगलात, बाळांनो, म्हातारे फार झाले होते. त्यांना काम नव्हतं, म्हणून ते परिषदा भरवायचे.

त्याच जंगलात गिरजा नावाची उंदरीण होती. दिवस भरत आलेले. पिल्लांसाठी तिनं बांधाखाली बीळ खोदलं. अंथरायला गवत आणायला गेली, परत येते तर आत नागोबा वेटोळं घालून बसलेले. नुकतंच जेवण झालं होतं, म्हणून बोलले तरी.

"आबा, हे माझं बीळ."

"माझं-तुझं करू नये गं पोरी. ही माझी मायभूमी आहे."

गिरजेनं परिषदेत दाद मागितली. अध्यक्ष होते कासवअण्णा. ते म्हणाले, "ज्याच्या भाषेत मायभूमीला शब्द, त्याची भूमी. हीच आपली परंपरा."

परंपरा कालपासूनची होती.

"आमच्यात पाठीला आणि मायभूमीला एकच शब्द," अण्णांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. टाळ्या पडल्या.

कोकीळमामा उठले. "आम्ही म्हणतो, जिथं ऊब मिळाली ती माय!" त्यांनी पंखानं डोळे टिपले. ऊब देणारी कावळीण मागं उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

पाहुणा करकोचा म्हणाला, "आमच्यात मायभूमीला 'परत' म्हणतात."

"म्हणजे तुम्ही इथले नाहीच," अण्णा म्हणाले, आणि त्याचा चहा थांबवला.

नागोबांनी तर फणा काढून शब्दांचा पाऊस पाडला. मातीला आई, बिळाला गर्भगृह, आतल्या अंधाराला संस्कृती.

"आणि तुमच्यात गं, गिरजे?"

"शब्द नाही, अण्णा. आम्ही एकमेकींना पंजे दाखवतो. हे बघा, नखांत माती."

"शी! सभेत नखं दाखवतात?"

"बिचारीला वाङ्मयच नाही," कोकीळमामा हळहळले.

निकाल लागला. नागोबांना बीळ, शाल आणि नारळ. गिरजेला सहानुभूती.

"पण अण्णा, ते खोदलं कुणी?"

"विषयाला धरून बोल."

गिरजा उठली ती थेट ओढ्याकाठी गेली. कळा सुरू व्हायच्या आत खोदायला हवं होतं. माती उडू लागली. जरा वेळानं तिनं मान वर केली, तर शेजारच्या दगडावर नागोबांचे धाकटे चिरंजीव ऊन खात पडलेले.

"चालू दे, मावशी," ते अदबीनं म्हणाले. "फक्त आतून जरा ऐसपैस ठेव. मायभूमीवरची माझी कविता होतच आलीय."

तात्पर्य: मुलांनो, मायभूमीवर प्रेम करायला शिका. नुसतं खोदत बसलात, तर त्याला वेळ कुठून मिळणार?