ड्रममधली मोटरबोट

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी मोटरबोट सुरू होते. पाणी आसपास कुठेही नाही. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचाच भरवसा नसतो, तिथे बोटीला कुठून आणायचं? तरीही पूजा आटोपून शेजारचे झुंबरकाका बनियनवर अंगणात येतात, दोरी ओढतात, आणि कडुनिंबावरचे कावळे उडून समोरच्या गच्चीवर जाऊन बसतात. एखादा नवा भाडेकरू घाबरून दार उघडतो. बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

काकांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बियाण्यांचं दुकान आहे. त्यांना पोहता येत नाही. टेंभुर्णीच्या बाजूला एका तलावावर कुणीतरी हौशी लोकांसाठी मोटरबोट आणली होती. तलाव आटला, हौसही आटली, आणि बोट काकांनी घेतली. ‘लोक दुष्काळात विहीर खणतात, आमच्या घरी बोट आली,’ असं काकू अजून पाहुण्यांना सांगतात. पाऊस बरा झाला तर एखादी फेरी होते. बाकी वर्षभर बोट अंगणात विटांवर बसलेली असते आणि काकू तिच्यात पापड वाळवतात. इंजिन मात्र काढून लोखंडी घोडीवर टांगलेलं आहे. त्याचा पंख्याचा पाय पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवला की ते जागेवरच चालतं. इंजिनाला वाटतं आपण तलावात आहोत.

काका इंजिन बघत नाहीत, ऐकतात. काकूंचं लाटणं घेऊन त्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. निदान नेहमी माणसांच्या दुखण्यातलं. ‘याला उचकी लागून राह्यली.’ ‘आज छातीत कफ हाय.’ इंजिनाच्या बाजूने गार करणाऱ्या पाण्याची एक बारीक धार सुटते, ती नीट दिसली की ते खूश होतात: ‘सू बराबर करून राह्यलं. किडनी एकदम ओके.’

त्यांचं आवडतं वाक्य एकच. ‘माणूस झूठ बोलतो बेटी, आवाज न्हाई बोलत.’

निदान बहुतेक वेळा चुकतं, हेही सांगायला हवं. आमच्या कूलरच्या खरखरीला त्यांनी संधिवात ठरवून अख्खी मोटर खोलली. खरखर चिमणीने जाळीत आणून ठेवलेल्या काड्यांची होती. माझ्या स्कूटीला गेल्या वर्षीपासून दमा आहे. ती छान चालते.

माझी या कामावर नेमणूक कशी झाली ते मला नीट आठवत नाही. मी घरूनच नोकरी करते, गल्लीत फारशी कुणाशी बोलत नाही. काका एकदा फाटकाशी थांबून म्हणाले, ‘तू बोलत न्हाईस, म्हंजे ऐकत असशील. ये.’ मला नाही म्हणायला नेहमीच उशीर होतो, त्यामुळे मी गेले. त्यांनी विचारलं, आवाज कसा येऊन राह्यला? मी म्हणाले, मोठा. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. इंग्रजी शाळेत मला आवाजाचे दोनच प्रकार शिकवले होते, लहान आणि मोठा. खडखड वेगळी, खुडखुड वेगळी, घरघर आणि गुरगुर यांची दुखणी निरनिराळी, हे मी त्या ड्रमपाशी उभी राहून शिकले.

माझं खरं काम फोन धरण्याचं. काकांचा मुलगा महेश बंगळुरूला गाड्यांच्या इंजिनांवर काम करतो. दुकानात बसायला नको म्हणून तो गेला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं उरलेलं नव्हतं. भांडणही नव्हतं. काकू त्याच्याशी रोज बोलतात, भाजी कुठली केली इथपासून. मग म्हणतात, ‘घे, पप्पांशी बोल.’ काका फोन घेऊन उभे राहायचे. ‘बराय?’ ‘हो.’ ‘जेवला?’ ‘हो.’ ‘बरं.’ आणि फोन परत काकूंकडे.

मागच्या दिवाळीत महेश आला, तेव्हा काकांनी त्याला बोट दाखवली. त्याने सहज दोरी ओढली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ‘पप्पा, यात काहीतरी आवाज आहे.’ त्या मुक्कामात तो वडिलांशी आपणहून बोलला ते एवढंच.

तेव्हापासून दर रविवारी इंजिन सुरू होतं, मी व्हिडिओ कॉल लावून फोन इंजिनाजवळ धरते, आणि पलीकडून महेश ऐकतो. बापलेक घरच्या मारवाडीत बोलतात. मला कळतं तसं सांगते.

‘टक्-टक् येतंय का, पप्पा, का टक्-टकाटक्?’

‘टक्. मंग जरा थांबून टक्.’

‘प्लग बदलून बघितला?’

‘बदलला. फरक न्हाई.’

‘मग आतला पंप बघू. घाई नका करू.’

पंपावरून गाडी आणखी कशाकशावर जाते. तुमच्या गुडघ्याचं काय, तिकडे पाऊस आहे का, तू तो जुना रेडिओ खोलला होतास तेव्हा मी उगाच रागावलो. हे शेवटचं काकांनी इंजिनाकडे बघत सांगितलं होतं. माझा हात भरून आला होता, पण मी फोन खाली केला नाही.

एका रविवारी मी जरा लवकर गेले. काकांची माझ्याकडे पाठ होती. इंजिनाच्या झाकणाचा एक बोल्ट ते छोट्या पान्याने सैल करत होते. अगदी थोडा. मग बोटाने हलवून पाहिला, कान जवळ नेला, आणि समाधान झाल्यावर रुमालाने पुसला. मी दोन पावलं मागे गेले आणि फाटक मुद्दाम वाजवून आत आले. त्या दिवशी महेशला ते म्हणाले, ‘आज पुन्हा आला बघ तो आवाज.’

मी कुणाला काही सांगितलं नाही. मला न बोलण्याचा सराव आहे.

पण लाटण्यावरचे काळे डाग काही केल्या जाईनात, तेव्हा काकू कंटाळल्या. काका दुकानात असताना त्यांनी मोटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने हात लावल्या लावल्या बोल्ट ओळखला, नवा घातला आणि डबल नट देऊन असा आवळला की तो आता पुढची पिढीच काढेल. काकू मला म्हणाल्या, ‘चहा गार व्हायच्या आत झालं गं. हे दिवाळीपासून लाटणं घेऊन बसलेत.’

रविवारी काकांनी दोरी ओढली. इंजिन इतकं गोड चालू लागलं की कावळेसुद्धा लवकर परत आले. काकांनी लाटणं इथे लावलं, तिथे लावलं. झाकणापाशी बोट नेलं, नवा नट पाहिला, आणि बोट तसंच तिथे राहिलं. फोन आधीच लागलेला होता.

‘अरे वा, पप्पा,’ महेश म्हणाला. ‘आवाज गेला की.’

‘हां,’ काका म्हणाले. ‘गेला.’

‘छान झालं.’

‘हां.’

इंजिन आपलं चालूच. काकांनी विचारलं, ‘जेवला?’

‘हो.’

‘बरं.’ काकांनी फोन काकूंकडे द्यायला माझ्यापुढे हात केला.

मी दिला नाही. त्या कॉलवर मी आजवर एकदाही बोलले नव्हते. मी म्हणाले, ‘एक मिनिट. दुसरा एक आवाज येतोय. बारीक आहे.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

‘कसा?’ महेशने विचारलं.

आता काहीतरी करणं भागच होतं. भर अंगणात, काकू दारात उभ्या असताना, मी तोंडाने आवाज काढला. ‘चुंईं. चुंईं.’ कूलरमधल्या चिमणीसारखा काहीतरी झाला.

महेशचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मला वाटलं, संपलं. मोटर दुरुस्तीवाल्याला जे चहा गार व्हायच्या आत कळलं, ते दिवसभर इंजिनांत असणाऱ्या या माणसाला इतके महिने कळलं नसेल का, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘पप्पा,’ महेश म्हणाला. ‘तुम्हाला येतोय का तो?’

काकांनी लाटणं कानाला लावलं, डोळे मिटले. ‘येऊन राह्यला,’ ते म्हणाले. ‘हलका हाय. पण हाय.’

‘असले आवाज पटकन सापडत नाहीत, पप्पा. वेळ लागेल.’

‘लागू दे.’

काकूंनी पोळ्यांसाठी लाटणं मागायला तोंड उघडलं होतं. मग त्या तशाच आत गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून पोळ्या हातावर थापल्याचा आवाज येऊ लागला.