खूण आहे तशीच

शिंपीकाकांनी दारापुढची पायरी फोडली ती निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी, आणि त्यापायी सगळ्या गल्लीचं गटार उलटं वाहायला लागलं. मधल्या गोष्टी क्रमाने सांगितल्याशिवाय हे कुणाला पटायचं नाही.

पायरी म्हणजे एक अखंड दगड होता. उंबऱ्यावरून तिच्यावर यायला एक मोठी ढांग, तिच्यावरून रस्त्यावर उतरायला दुसरी. काकू तिथूनच घसरून पडल्या होत्या. हाताचं हाड जुळलं, पण मोडलेला धीर काही जुळला नाही. त्याआधी दोघं रोज संध्याकाळी समुद्रावर जायची. काकू घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि काका कोरड्या वाळूवरून त्यांच्याकडे बघत बसायचे. आता काकू खिडकीपाशी बसून भाजी निवडत. समुद्र गल्लीच्या टोकालाच होता, पण त्यांच्यापुरता तो परगावी गेला होता.

"चल की गं आज," काका म्हणायचे.

"उद्या बघू," काकू म्हणायच्या. असे कितीतरी उद्या येऊन गेले होते.

अशात नगरपालिकेने गल्लीत नवं गटार काढलं. पावसाचं पाणी थेट समुद्रात जावं म्हणून. कामावरची इंजिनियर अगदी तरुण मुलगी होती. पहिलीच नोकरी, आणि डोक्यावरची टोपी दोन मापं मोठी. तिने तीन पायांवरच्या दुर्बिणीतून इकडेतिकडे बघितलं आणि काकांच्या पायरीवर लाल रंगाने एक खूण केली.

"काका, ही सांभाळा हं. सगळ्या गल्लीची उंची आम्ही हिच्यावरून मोजणार. ही गेली तर माझं काही खरं नाही."

"पोरी, मापाची किंमत तू मला सांगतेस?" काकांनी गळ्यातल्या टेपवर हात ठेवून शब्द दिला.

गटार समुद्राकडून बांधत बांधत काकांच्या दारापर्यंत आलं, आणि नेमकं तेव्हाच इंजिनियर बाईंना बैठकीसाठी कचेरीत बोलावणं आलं. काम थांबलं. गवंडी दारातच रिकामा बसला होता. त्याला बघून काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका उंच पायरीच्या जागी दोन बुटक्या पायऱ्या केल्या, तर ही आरामात उतरेल! गवंड्यालाही बसून कंटाळा आला होता. त्याने दगड फोडून काढला आणि त्या जागी दोन सुबक पायऱ्या बांधून दिल्या.

पण खुणेचं काय? दिलेला शब्द मोडणाऱ्यातले काका नव्हते. दगडाला हात लावण्याआधीच त्यांनी खाकी कागद अंथरून खुणेचा आकार छापून घेतला होता, कडेपासूनचं अंतर मोजून ठेवलं होतं. आता त्यांनी ती नव्या खालच्या पायरीवर हुबेहूब उतरवली. लाल रंगसुद्धा दुकानात जाऊन, धाग्याची छटा जुळवावी तसा जुळवून आणला. खूण फक्त पूर्वीपेक्षा चार बोटं खाली आली होती. पण चार बोटं म्हणजे काय? दुमडीत जातात.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मुकादम पायरीपाशी येऊन थबकला.

"काका, पायरी बदलली वाटतं?"

"छान झाली ना?"

"झाली की. पण आमची खूण?"

"आहे तशीच! सुताचा फरक सापडला तर नाव बदलीन. घ्या, कडेपासून मोजून घ्या."

मुकादमाने मोजून घेतली, समाधानाने मान डोलावली आणि आकड्यांची उंच पट्टी खुणेवर उभी धरली. इंजिनियर बाई गल्लीच्या पार त्या टोकाला दुर्बिणीला डोळा लावून होत्या. त्यांना पट्टी दिसली, पायरी दिसली नाही. तिथून पुढची अर्धी गल्ली चार बोटं खोल बांधली गेली. जुन्या-नव्या गटाराच्या सांध्यात एक उंचवटा आला, तो गवंड्याने सिमेंट लावून गुळगुळीत करून टाकला. असेल काहीतरी इंजिनियरिंग, असं त्याला वाटलं.

काकूंनी दाराआडून नव्या पायऱ्या बघितल्या. "छान आहेत हो," त्या म्हणाल्या.

"मग उतर ना!"

"उद्या बघू."

काका हिरमुसले. त्यांनी एवढा खटाटोप केला होता तो या दोन शब्दांसाठी नाही.

मग पहिली मोठी भरती आली. गटारातून पाणी समुद्राकडे जायचं, त्याऐवजी समुद्रच गटारातून गल्लीत आला. सांध्यावरचा उंचवटा ओलांडून तो वरच्या खोलगट अर्ध्यात शिरला, जाळ्यांमधून वर आला आणि निवांत पसरला. भरती ओसरल्यावरही त्याला परत जायची घाई नव्हती, कारण परत जायला चढ होता. पाणी स्वच्छ होतं, त्यात बारके मासेही होते. समोरच्या वकीलसाहेबांना बुटात खेकडा सापडला तेव्हा मात्र गल्लीत खळबळ उडाली.

"शिंपीकाका, या पँटा वर घेऊन द्या," वकीलसाहेब काखेत गठ्ठा मारून आले. "कोर्टात ओल्या पायांनी उभा राहिलो. न्यायाधीश विचारतात, घाबरलात का?"

त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली आली. ज्याची त्याची पँट चार बोटं वर घ्यायची. दुकान कधी नव्हे ते जोरात चालू झालं, आणि काका कुणाकडूनच शिलाई घेईनात. "असू दे हो, शेजारधर्म," असं ते जमिनीकडे बघत म्हणत. देवमाणूस आहे हो, असं गल्ली म्हणू लागली. ते ऐकलं की काकांच्या बोटात हमखास सुई घुसायची.

कारण एव्हाना त्यांच्या लक्षात आलं होतं. ज्या मापाने ते पँटा वर घेत होते, ते माप त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं.

उधाणाच्या दिवशी पाणी खालच्या पायरीला लागलं. इंजिनियर बाई दुर्बीण खांद्यावर घेऊन पाणी तुडवत आल्या. डोळे रडून लाल झाले होते; पायऱ्या बदलल्यात हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"साहेब म्हणतात, आकडेमोड चुकली. कच्ची मुलगी नेमली की असंच होतं म्हणतात. मी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं हो, काका. या गल्लीत एकच गोष्ट खात्रीची आहे, ती म्हणजे तुमची खूण. तिच्यावरून परत पहिल्यापासून मोजते."

हे मात्र काकांना सोसवेना. ते मशीनवरून उठले आणि दारात आले.

"नको मोजूस," ते म्हणाले. "ती खोटी आहे. मी हलवली."

"पण ती तर तिथेच आहे!"

"तशीच आहे, तिथेच नाही." मग त्यांनी पायरी, गवंडी, खाकी कागद, सगळं सांगून टाकलं. मुलगी ऐकत राहिली. रागवावं की सुटले म्हणावं, तिला कळेना.

"पण का, काका? एवढी कसली घाई होती?"

काकांनी मागे बोट दाखवलं. उंबऱ्यात काकू उभ्या होत्या. "हिला उतरता यावं म्हणून. समुद्रावर जायची हिला फार आवड."

"मग? उतरल्या?"

"नाही," काका म्हणाले. "सगळी गल्ली बुडवली मी, पण ही काही उतरली नाही."

 काकू नवऱ्याकडे बघत होत्या. या माणसाने इतक्या वर्षांत त्यांना कधी गजराही आणून दिला नव्हता, आणि आता अख्खा समुद्र आणून ठेवला होता, तोही चोरून. त्यांनी चौकटीला हात धरला. वरच्या पायरीवर एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खालच्या पायरीला पाणी लागत होतं. तिच्यावर पाऊल ठेवताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग चौकटीवरचा हात सोडला आणि त्या गल्लीत उतरल्या, घोटाभर पाण्यात.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

काकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. त्यांचं बघून इंजिनियर बाईंनीही सुरुवात केली.

"तू कशाला रडतेस गं?" काकू तिला म्हणाल्या. "माप शिंप्याचं चुकलंय, तुझं नाही. अहो, निघा, हिच्या साहेबाला जाऊन सांगा आधी."

काकांनी साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. शिंप्याला कुठल्या नियमाखाली धरायचं ते साहेबांना सापडेना, म्हणून त्यांनी नुसतंच रागावून घेतलं. मुलीची नोकरी शाबूत राहिली. तिने नवी खूण पाण्याच्या टाकीवर, शिंप्यांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर केली, आणि वरचं अर्धं गटार उखडून नीट बांधायला घेतलं. तोवर भरती येत राहिली आणि काकू रोज तिच्या वेळेला उतरत राहिल्या. गल्ली वैतागलेली, आणि काकू तेवढ्या खुशीत. आधी काकांचा हात धरून, मग भिंतीला हात लावून, मग कशालाच हात न लावता.

मग गटार दुरुस्त झालं. पाणी मुकाट्याने समुद्राकडे जाऊ लागलं. गल्लीतल्या सगळ्या पँटा पुन्हा उसवून चार बोटं खाली घ्यायला आल्या. काका मान खाली घालून उसवत बसले होते, तेव्हा भरतीच्या वेळेला काकू पायऱ्या उतरून उभ्या राहिल्या. गल्ली कोरडी ठणठणीत होती. त्यांनी बराच वेळ वाट बघितली. काका मशीनवरून चोरून बघत होते. आता ही परत खिडकीपाशी जाऊन बसणार, असं त्यांना वाटत होतं.

"अहो, येत नाही का आता?"

"नाही गं. दुरुस्त केलं ना."

"म्हणजे कधीच नाही?"

"पालिकावाले तरी तसंच म्हणतात."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. मग हळूहळू त्यावर राग चढला.

"रोज यायचं, सवय लावायची, आणि एक दिवस न सांगता बंद व्हायचं? ही काय रीत झाली? थांबा, मी बघूनच येते." आणि त्या गल्लीच्या टोकाकडे तरातरा चालू लागल्या.

वकीलसाहेबांची पँट सुईखाली तशीच अर्धी टाकून काका धडपडत बाहेर आले. "अगं, हळू! थांब जरा, मी येतोय!"

"या तुम्ही मागून," काकू वळूनही न बघता म्हणाल्या. "मला थांबता यायचं नाही, ओहोटी लागेल."