बारावी ‘ब’ आणि साठ मेंढरं

छत्रपती संभाजीनगरात बारावीच्या पोरापोरींची खास पोर्ट्रेट काढायची कल्पना आणणारा पहिला माणूस मीच! दुसरा कुणी तसा दावा करत असेल तर त्याला पुंडलिकनगरात माझ्या स्टुडिओवर पाठवून द्या. मी त्याला चहा पाजीन, नि ह्या धंद्यात मी काय करून बसलो ते सांगीन. मग तो आपण होऊन दुसरा नंबर घेईल.

त्याचं झालं असं. परदेशात म्हणे शाळा सोडणाऱ्या प्रत्येक पोराचा एक झकास फोटो काढतात. कुणाचा झाडाखाली, कुणाचा गिटार घेऊन, कुणाचा घोड्याशेजारी. तो फोटो घरात आयुष्यभर लागतो. आणि आपल्याकडं? एक ग्रुप फोटो! त्यात सत्तर डोकी, वीस जणांचे डोळे मिटलेले, नि मागच्या रांगेतला एक जण कायमचा अर्धा. हे मोबाइलवर वाचलं नि मी पलंगावर ताडकन उठून बसलो.

"अंबिका," मी बायकोला म्हणालो, "आता बघच! उन्हाळ्यापर्यंत सगळ्या शहरात हेमचंद्र फोटोवाल्याचंच नाव होणार!"

"तान्ह्या बाळांच्या फोटोंच्या वेळीही असंच म्हणाला होतात," अंबिका कुशीवर वळत म्हणाली. "त्या टोपलीतल्या बाळानं नेमकं लेन्सवर..."

"तो विषय बंद!"

दुसऱ्याच दिवशी मी शिंप्याकडं काळे झगे नि चौकोनी टोप्या शिवायला टाकल्या. एका ज्युनिअर कॉलेजच्या बारावी ‘ब’मधली नऊ पोरंपोरी तयार झाली. मी त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले. त्यात वडिलांचा व्यवसायही विचारला, म्हणजे त्याप्रमाणं पोज ठरवता येते. प्रणयचे वडील डॉक्टर, तर त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप! एकीचे वडील वकील, तर तिच्या हातात उशीएवढं पुस्तक! योगिनी नावाची एक पोरगी होती. वर्गात पहिली येणारी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, फार कमी बोलणारी. तिनं लिहिलं होतं ‘लाइव्हस्टॉक’. मला वाटलं, शेअर बाजारातला काहीतरी प्रकार असणार. म्हणून तिच्यासाठी मी घरचा लॅपटॉप घेतला. इतकं माझं व्यवसायज्ञान!

आता जागा हवी. स्कूटर काढली नि पडेगावच्या पुढं गेलो. तिथं मोकळ्या माळावर मला जे दिसलं, त्यानं मी अक्षरशः ब्रेक दाबला. मागं दौलताबादचा किल्ला, वर स्वच्छ आभाळ, नि पुढं साठेक मेंढरं! काळी, करडी, दोन-चार पांढरी. देवानं स्वतः सजवून ठेवल्यासारखी.

मेंढरांचे मालक मल्हारराव. गंगापूर तालुक्यातले. एका शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायला आले होते, म्हणजे मेंढरांचं खत त्याच्या जमिनीला मिळतं. मी म्हणालो, "मामा, रविवारी कॉलेजची पोरं आणतो. तुमच्या मेंढरांत फोटो काढू का?"

"काढा की," मल्हारराव म्हणाले. "मेंढरांचं काय झिजतंय? पर हायेत तशीच दिसतील बरं का. धुवून-बिवून द्यायचा नाय मी."

पोरांना मी जागा सांगितली नाही. सरप्राईज!

रविवारी सकाळी नऊ झगे नि नऊ टोप्या माळावर उतरल्या. पोरं खूश! कुणी मेंढराशेजारी सेल्फी काढतंय, कुणी किल्ल्याकडं बोट करतंय. फक्त योगिनी रिक्षातून उतरली नि जागच्या जागी थिजली. मग तिनं स्कार्फ काढला नि डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा गुंडाळला.

"सर, धुळीची ॲलर्जी आहे."

"अगं, पोर्ट्रेट आहे हे! नुसत्या डोळ्यांचा फोटो काढायचा तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली असतीस!"

सगळे हसले. ती हसली नाही. निदान स्कार्फवरून तरी तसं दिसलं नाही.

तेवढ्यात मल्हाररावांचं कुत्रं आलं. लांडग्याएवढं! आल्यापासून ते आमच्या प्रत्येकावर गुरगुरत होतं. माझ्या ट्रायपॉडवर तर त्यानं पाय वर करून आपलं मतही नोंदवलं होतं. तेच कुत्रं योगिनीपाशी गेलं नि शेपटी अशी हलवायला लागलं, की आता तुटून पडते! दोन्ही पाय तिच्या खांद्यावर ठेवून स्कार्फ चाटायला लागलं.

"वा! कुत्र्याला भारी आवडलीस गं!" मी म्हणालो.

मल्हाररावांनी तिच्याकडं पाहिलं. मग तो काळा झगा पाहिला, टोपी पाहिली, भोवतीची पोरं पाहिली. नि कुत्र्याला दरडावून म्हणाले, "हाड! ताईंच्या अंगावर जातंय व्हय रं? माफ करा ताई. जनावर हाय, त्याला काय कळतंय."

योगिनीनं स्कार्फ आणखी घट्ट ओढला.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "मामा, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा. तुमचा पटका मधे येतोय." ते सरकले. मी म्हणालो, आणखी जरा. ते आणखी सरकले. असं करत करत मी त्या माणसाला थेट बाभळीच्या मागं नेऊन उभा केला! तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं हो.

आता माझा हुकमी एक्का! रंगीत धुराच्या कांड्या. मागून गुलाबी धूर, पुढं काळे झगे, मधे मेंढरं. मी कॅमेरा रोखला नि ओरडलो, "प्रणय, पेटव!"

प्रणयनं तिन्ही कांड्या एकदमच पेटवल्या. फुस्स्! धूर किल्ल्याकडं जायचा होता. वाऱ्याचं मत वेगळं पडलं. तो गुलाबी लोट थेट मेंढरांच्या तोंडावर!

एक मेंढरू उधळलं, की बाकीची एकोणसाठ ‘काय झालं’ म्हणून विचारत बसत नाहीत! सगळा कळप सुटला. लॅपटॉपवरून गेला, वकिलाच्या पुस्तकावरून गेला, आणि एका मेंढरानं प्रणयची टोपी शिंगात अडकवून नेली. ते तेवढं पदवीधर झालं! मी हसणारच होतो. पण कळप निघाला होता दौलताबाद रोडकडं, नि रोडवरून वेरूळला निघालेली प्रवाशांची एक मोठी बस हॉर्न वाजवत येत होती.

पोरं किंचाळली. नि तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी काळं सणकन गेलं.

योगिनी! तिनं स्कार्फ फेकून दिला, झगा गुडघ्यापर्यंत वर खोचला, चपला मागं टाकल्या नि अनवाणी धावली. धावता धावता तिनं तोंडाशी हात नेला नि असा आवाज काढला, "हुर्रर्र हाऽऽ! हाऽऽ हाऽऽ!" की सगळा माळ दणाणला. वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटणारी पोरगी ती!

बाभळीमागून मल्हारराव ओरडत निघाले, "योगे! डाव्या अंगानं घे! डाव्या अंगानं!"

"घेते आबा! तुम्ही म्होरल्यांना वळवा!"

बापलेकीनं दोन बाजूंनी कळप असा दाबला, की मेंढरं रस्त्याच्या कडेला येऊन गपकन थांबली. बस पाच हातांवर थांबली. त्या क्षणी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढला. मागं किल्ला, गुलाबी धूर, साठ मेंढरं, नि मधे काळ्या झग्यातली ती पोरगी, एक हात वर, तोंड उघडं, केस वाऱ्यावर.

मग सगळं शांत झालं. ‘लाइव्हस्टॉक’ म्हणजे जितीजागती जनावरं, हे आत्ता कुठं माझ्या डोक्यात शिरलं. प्रणय धापा टाकत आला. "म्हणजे... हे तुझे पप्पा?"

"पप्पा नाही. आबा," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. खरंतर दोघी-तिघी जणी तिच्याकडं निघाल्याच होत्या. पण तिनं झगा उतरवला, त्याची नीट घडी घातली नि माझ्या हातात दिली. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघत म्हणाली, "सर, तो फोटो काढा."

"काढला की!" मी छाती फुगवून म्हणालो.

"तसं नाही सर..." ती म्हणाली. पण मागून बसवाल्यानं मला शिव्या घालायला सुरुवात केली, नि तिचं बोलणं राहून गेलं.

मला कळलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. तुम्हाला म्हणून सांगतो, ‘काढा’ म्हणजे ‘काढून टाका’, हे अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओसमोर भलाथोरला बोर्ड लागला! तोच फोटो. खाली लाल अक्षरांत, ‘मेंढपाळाची लेक, बारावीची टॉपर! तुमचंही असंच पोर्ट्रेट हवं? या!’ मोबाइलवरही टाकला. आणि काय सांगू! फोनला उसंत नाही. बायका विचारायच्या, "तुमच्याकडं मेंढरं मिळतात ना? आमच्या मुलाला बकऱ्या नकोत, मेंढरंच हवीत." एक गृहस्थ म्हणाले, आमची दूध डेअरी आहे, म्हशी चालतील का? मी म्हणालो, चालतील, पण धूर निळा घेऊ!

रात्री जेवताना अंबिकानं विचारलं, "अहो, त्या पोरीला विचारून लावलात ना बोर्ड?"

"अगं, तीच म्हणाली, फोटो काढा!"

अंबिकानं माझ्या ताटात न विचारता कारल्याची भाजी वाढली.

त्या शनिवारी बारावीचा निरोप समारंभ होता. कॉलेजनं फोटो काढायला मलाच बोलावलं. आता माझं नाव झालं होतं ना! कार्यक्रमाचा कागद माझ्या हातात आला. त्यात लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांतर्फे मनोगत : कु. योगिनी’. मी लेन्स बदलून तयार! माइकवरून नाव पुकारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ती बुधवारपासून आलीच नाही." बाईंनी कागदावरचं पुढचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो, पण काही दिसत नव्हतं. नंतर लक्षात आलं, लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं.

घरी जाताना मी आधी बोर्ड उतरवला. एकट्यानंच. उतरवताना तो अंगावर पडला, कपाळाला टेंगूळ आलं. बरं झालं! मोबाइलवरचाही फोटो पुसला. पण तोवर तो किती जणांनी पुढं धाडला होता, ते देवालाच ठाऊक.

रविवारी पडेगावच्या माळावर गेलो. कुत्र्यानं लांबूनच ओळखलं नि ट्रायपॉड आणलाय का, ते आधी तपासलं. मल्हाररावांच्या पत्नी, म्हणजे योगिनीच्या आई, बानाबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा करत होत्या. योगिनी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मल्हारराव म्हणाले, "चुकलं सायेब तुमचं. लई चुकलं. बसा. च्या घ्या."

इतक्या सरळ शब्दांत मला आजवर कुणी झापलं नव्हतं. मी चहा घेतला.

"योगिनी," मी म्हणालो, "बोर्ड काढला मी. अगं, पण तुला आबांची लाज वाटायला नको होती. ते तर..."

"लाज नाही वाटत सर," तिनं पुस्तक मिटलं. "अकरावीत वाटायची. मग ठरवलं, निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं. तीन आठवडे पाठ करत होते. पहिलंच वाक्य होतं, माझे आबा मेंढरं राखतात. त्या रविवारी स्कार्फ बांधला, तो आणखी आठवडाभर थांबायचं होतं म्हणून. कळप उधळला, ते ठीक. मित्रांना मी सांगितलं असतं काहीतरी. पण तुम्ही ते मोठ्या बोर्डावर, लाल अक्षरांत लिहून टाकलं. आता मी काय बोलणार होते सर? लोक म्हणाले असते, हो हो, वाचलंय आम्ही."

मी फोटोग्राफर माणूस. दिवसभर लोकांना ‘इकडं बघा, इकडं बघा’ म्हणतो. त्या वेळी मात्र मला जमिनीशिवाय कुठं बघता येईना.

"तू आत्ता बोल," मी म्हणालो. "मी ऐकतो ना."

"तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं सर," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

"मग तुम्हा तिघांचा एक चांगला फोटो काढू? मामा मधे, अगदी मधोमध! घरात लावायला."

"नको सर."

तिनं पुस्तक उघडलं. विषय संपला. मी कॅमेरा पिशवीत घालायला लागलो, तेव्हा बानाबाई मला वाईट वाटू नये म्हणून की काय, म्हणाल्या, "आलायसा तर त्या एडक्याचा काढा की एक. इकायचाय त्याला. पैठणकडचा मानूस म्हनतंय, आधी फोटू धाडा."

एवढ्या मोठ्या धंद्याचं शेवटचं गिऱ्हाईक ते! पुढं तो धंदाच मी बंद केला. मल्हाररावांनी तो एडका, म्हणजे कळपातला नर मेंढा, ओढत आणला. शिंगं अशी वळलेली, मान अशी ताठ, जणू कुठल्या संस्थेचा अध्यक्ष. मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि माझं बोट बटणावरून आपोआप बाजूला झालं.

"काढू का?" मी एडक्याला विचारलं.

तोंडातून गेलंच हो! बानाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मल्हाररावांनी पटका सारखा केला. योगिनीनं मात्र पुस्तकातून मान वर केली नाही.

एडक्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं, नि शांतपणे पाठ फिरवली. मी कॅमेरा खाली केला. तो पुन्हा तोंड इकडं करेपर्यंत, भर उन्हात, मुकाट्यानं, मी तसाच गुडघ्यावर बसून राहिलो.