पगारे काकांना न चालणारा शब्द

पगारे काकांसमोर 'चालेल' म्हणायचं नाही. आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की पाण्याची वेळ, पार्किंगची जागा आणि ही सूचना एकदमच दिली जाते. मला मात्र कोणी दिली नव्हती. पाथर्डी फाट्यावरच्या या घरात आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात काका आमचे पंखे नीट टांगलेत का ते बघायला आले. बोलावलं कोणीच नव्हतं. चहा पुढे करत मी म्हणाले, "साखर जरा कमी पडलीय, चालेल ना?"

काकांनी कप खाली ठेवला. "बाई, साखर कमी आहे का बरोबर आहे?"

"कमी आहे."

"मग घाला! चालेल काय चालेल? या एका शब्दानं वाटोळं केलंय सगळं."

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्याच घरात, माझ्याच चहावर, कोणीतरी माझं मराठी तपासावं याचा मला भयंकर राग आला. साखर घातली ती आदळआपट करतच. काकांनी चहा संपवला, बेडरूमच्या पंख्याचा एक नट पिळला आणि गेले.

वामन पगारे मूळचे नामपूरचे. सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षं तपासनीस होते. कंपनी प्रवासी विमानांचे लहान लहान भाग करायची, बोटभर तुकडे, पण दाराच्या बिजागरीत वगैरे बसणारे. ते मोजायचे, भिंगाखाली धरायचे, आणि बरोबर असतील तरच कागदावर शिक्का मारायचा, हे काकांचं काम. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा आणि त्याला नंबर. काकांचा एकोणीस. तो शिक्का रोज संध्याकाळी ते ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावत आणि कुलूप तीनदा ओढून बघत.

नोकरी सुटली तरी हात थांबले नाहीत. कारखान्यात नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. काकांनी ही पद्धत सोसायटीत आणली. मुलांचा झोपाळा, पाण्याची टाकी, गच्चीचा कठडा, माझ्या सासूबाईंचा वॉकर, सगळीकडे पिवळ्या रेघा. दिंडोरीहून आलेल्या माझ्या भावानं तर विचारलं, "हे काय, कुणी करणी केलीय का तुमच्या बिल्डिंगवर?"

दुसऱ्या मजल्यावरच्या आहेरांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा काका शेजारी म्हणून बसलेले. मुलाच्या आईनं पोहे खाल्ले, मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्हाला मुलगी चालेल."

काका उभेच राहिले. "चालेल? मुलगी हे का चप्पल हे? पसंत आहे म्हणा, नाहीतर नाही म्हणा!"

जमत आलेलं स्थळ हातचं गेलं. आहेर वहिनी महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते आणि घरी आली की पेढे घेऊन आधी काकांकडे जाते.

मध्ये उडत्या विमानाचा दरवाजाच निखळल्याची बातमी सगळ्या चॅनेलवर होती. निवेदिका 'तांत्रिक बिघाड' म्हणाली आणि काका आमच्या टीव्हीवर ओरडले, "तंत्राला काय धाड भरलीय? बोल्ट माणसानं बसवायचा राहिला, दुसऱ्या माणसानं न बघता सही केली, तिसरा म्हणाला आजच्या आज माल पाठवा! माणसांचा बिघाड म्हण की!" फार चिडले की ते गावाकडच्या अहिराणीवर येत. रिमोट आपटून म्हणाले, "काय शे हाई?" म्हणजे, हे आहे काय!

माणूस कटकट्या पण खरा, असं म्हणून मी सगळं सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. तीन वर्षांपूर्वी पगारे काकू गेल्या. एकुलती एक मुलगी सुजाता कॅनडात. आईच्या अंत्यविधीला यायला निघालेल्या त्या पोरीला काकांनी फोनवर दोनच शब्द सांगितले, "येऊ नकोस." जिन्यात उभं राहून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिनं नवरा स्वतः निवडला होता, त्याचा राग बापानं असा काढला, असं सगळी सोसायटी म्हणाली. मीही म्हणाले.

मागच्या महिन्यात काकांनी आमची लिफ्ट बंद केली. वर जाऊन बघितलं तर म्हणे दोराच्या तारा तुटायला लागल्यात. चेअरमन बोरस्तेंनी मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, अजून सहा महिने आरामात चालेल. झालं! काकांनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि दारावर लाल खडूनं लिहिलं, 'नापास'.

आम्ही चौथ्या मजल्यावर. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना डॉक्टरकडे न्यायला मी आणि माझ्या नवऱ्यानं खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं, आणि खाली येईपर्यंत माझा पारा चढला तो चढलाच. त्यांना नवऱ्याबरोबर रिक्षात बसवून पाठवलं आणि मी काकांच्या दारावर थडाथड हात मारला.

"कुलूप काढा!"

"दोर बदलल्याशिवाय नाही."

"तुम्हाला माणसांची काही किंमत आहे का हो? नटबोल्ट तेवढे कळतात! पोटच्या पोरीला आईचं तोंड बघू दिलं नाही तुम्ही!"

बोलून गेले आणि बोलल्याबरोबर कळलं की हे बोलायला नको होतं. काका आत वळले, खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

"एक लॉट मी नापास केला होता, बाई," ते म्हणाले. "केसाएवढी चीर होती. सगळ्याच पिसात नव्हती, पण होती. साहेब म्हणाले, पाठवायचा आहे, एवढं चालतं. मी शिक्का मारला नाही. दुसऱ्या दिवशी हिला घेऊन दवाखान्यात होतो, अर्धी सुट्टी टाकून. परत आलो तर लॉट गेलेला. कागदावर एकोणीस नंबर."

"तुमचा शिक्का? मारला कोणी?"

"ड्रॉवरची दुसरी किल्ली साहेबांकडे असायची." काका समोर बसले. "मी बोंब मारली. चौकशी बसली. निष्कर्ष काय, तर घरच्या आजारपणामुळे पगारेंना आठवत नाही, शिक्का त्यांनीच मारला. मला घरी बसवलं, साहेबांना बढती मिळाली. वरपर्यंत पत्रं लिहिली. उत्तर आलं, आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे. पुढे म्हणजे कुठं, ते आजपर्यंत कळलं नाही."

माझं डोकं भणभणलं. शाळेत एखाद्या पोरानं दुसऱ्याच्या वहीवर खोटी सही केली तर आम्ही त्याच्या बापाला बोलावून घेतो. इथं शेकडो माणसांच्या जिवावर खोटा शिक्का मारणारा साहेब बढती घेऊन बसलेला, आणि खरं बोलणारा माणूस विसराळू ठरलेला.

"त्यानंतर महिन्यानं ही गेली," काका म्हणाले. "सुजाताचा फोन आला, बाबा, तिकीट मिळालंय. मी विचारलं, विमान कोणतं? तिनं तिकिटावरचं वाचून दाखवलं. आमचे पीस ज्याला लागायचे तेच. माझ्या तोंडून एवढंच निघालं, येऊ नकोस."

"अहो, कारण तरी सांगायचं!"

"काय सांगू? तिची आई अशी घरात ठेवलेली, आणि सांगू की तुझ्या विमानाच्या कागदावर तुझ्या बापाचा शिक्का आहे, म्हणून बसू नकोस?"

मग ते उठले आणि कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. तो लॉट शेवटी परत आला होता. परदेशातल्या गिऱ्हाइकानं बभ्रा झाल्यावर माणसं पाठवली, पीस काढून घेतले, सगळे भंगारात गेले. जुन्या एका सोबत्यानं अलीकडेच चोरून सांगितलं. सगळे मोजलेत का, हे काकांनी त्याला चारदा विचारलं होतं. कंपनीनं मात्र त्यांना एका ओळीनंही कळवलं नाही.

"आठ दिवसांपूर्वी पोरीचा मेसेज आला. बाबा, शेवटचं विचारते, नातू तुम्हाला दाखवायला यावं की नको? लिहायला बसतो तर जमत नाही. मला दुसरं काही लिहिताच येत नाही, बाई. तुम्ही मराठीच्या. बघा जरा."

मी वरचा कागद उचलला. तीस वर्षं नापास मालाचा जो तक्ता भरला, तोच त्यांनी पट्टीनं आखला होता.

'विषय: येऊ नकोस असे म्हटल्याबाबत.
दोष: वडिलांचा.
कारण: भीती. तुझ्यावर राग नव्हता, कधीच नव्हता.
नुकसान: तुला आई दिसली नाही. भरून निघणार नाही.
निर्णय:'

पुढे कोरं होतं. असे पंधरा-वीस कागद, आणि सगळ्यांवर ती ओळ कोरी. मी चष्मा काढून पुसला. मग राग आला म्हणून बोलले की रडू येऊ नये म्हणून, सांगता येत नाही, पण बोलले ते वर्गात बोलते तसंच. "यात एक कानामात्रा बदलायची नाही. आणि ही रिकामी जागा तुमची तुम्ही भरायची. आत्ता. माझ्यासमोर."

काकांनी पेन घेतलं. फार वेळ लागला. 'ये,' त्यांनी लिहिलं, आणि मग त्याच ओळीत दाटीवाटीनं, 'मी मुंबईला घ्यायला येतो.'

मी कागदाचा फोटो काढून त्यांच्या फोनवरून पाठवला. काका तो फोन दोन्ही हातांत धरून बसले. जरा वेळानं, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं, त्यांनी विचारलं, "बाई, मी विमानतळावर कधी गेलेलो नाही हो. घ्यायला आलेल्या माणसांनी तिथं कुठं उभं राहायचं असतं?"