दुकान माझं, माल नाझ्यूचा

ऑनलाइन कॅसिनो चालवायला अक्कल लागते, आणि आख्ख्या माल्टात ती माझ्याकडेच आहे, अशी माझी खात्री होती! गेम बनवणारे वेगळे असतात, आम्ही नुसतं दुकान मांडतो. माझा गेमवाला नाझ्यू. त्याच्याकडून मी आमच्या गावच्या सणाचा खास गेम करून घेतला. जिंकलात की दारूकाम उडणार, बँड वाजणार!

हे सगळं झारेनमामांसाठी. मामा लाल बँड क्लबचे अध्यक्ष. मिरवणुकीत संताच्या मूर्तीला कुणी खांदा द्यायचा हे तेच ठरवतात, आणि माझा खांदा पोरवयापासून वाट बघतोय.

सणाच्या आठवड्यात क्लबात मोठा पडदा लावला. मामांनी स्वतः बटण दाबलं. जिंकले! रॉकेटं उडाली, बँड वाजला... आणि तो निळ्यांचा!

गावात बँड दोन, लाल आणि निळा. पण आमच्या क्लबात निळ्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. त्यामुळे नाझ्यूला मी नुसतं 'गावचा बँड' असं सांगितलं होतं. दुसरा असतो हे डोक्यातच आलं नाही!

गरम पास्तिझ्झींची, म्हणजे चीज भरलेल्या पॅटिसांची, ताटली माझ्या अंगावर आली.

"विस्टिन, माझ्या बहिणीच्या पोटी हा धोंडा कुठून आला रे?" मामा गरजले. "मूर्तीला बोट लावलंस तर याद राख!"

माझं टाळकं सणकलं. नाझ्यूला फोन लावला.

"आवाज बदल! आत्ताच्या आत्ता!"

"नाही जमणार बाबा. गेम आवाजासकट तपासून पास झालाय. एवढंसं बदललं तरी पुन्हा तपासणी. तोवर सण उरकेल."

"मग मी गेमच काढून टाकतो!"

"काढ की! पण महिनाभर पहिल्या पानावर ठेवीन, अशी सही कुणी केलीय?"

"अरे चोरा, दुकान माझं आहे!"

"दुकान तुझं, माल माझा. आणि खरं सांगू? आम्हा पलीकडच्या गोझो बेटावाल्यांना तुमचे दोन्ही बँड सारखेच बेसूर वाटतात."

मी फोन भिंतीवर आपटला. फुटला तो माझाच!

रविवारी मूर्ती चर्चच्या दारात आली. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली, सगळे चिडीचूप. मी गर्दीत दातओठ खात उभा. एवढ्यात रॉकेटं कडाडली आणि निळ्यांचा बँड वाजायला लागला. मामांच्या कोटाच्या खिशातून!

मामांनी खिसा दाबला आणि ओरडले, "विस्टिन! इथे तरी तो फोन बंद ठेव, नालायका!"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझा फोन दुरुस्तीवाल्याकडे तुकड्यांत पडला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामा कानाशी आले. "पुढच्या वर्षी पुढचा खांदा तुझा. गप्प बस."

"चुकलं, माफ करा," मी गावाला सांगितलं. आतून नुसता जळत होतो!

सण बघायला आलेला नाझ्यू शेजारीच उभा होता, मजेत जत्रेतली नुगा मिठाई चघळत.

"तुझ्या दुकानात कुणीतरी तो गेम ऑटोवर टाकून रात्रंदिवस खेळतंय," तो म्हणाला. "माझ्याकडे दिसतं ना! आत्ताच मोठं बक्षीस लागलंय त्याला."

"आणि ते द्यायचं कुणी?"

"तू! दुकान तुझं ना?"