लाकूड की फायबर?

चिंतामणीच्या घरी त्या वर्षी जेवताना एकच विषय चाले: रिमोटवर उडणारं विमान लाकडाचं असावं की फायबरचं. चिंतामणी बँकेत कॅशियर. बाल्साच्या हलक्या लाकडातून विमानं घडवण्यात त्याचे सगळे रविवार आणि बायकोचं जेवणाचं टेबल खर्ची पडलं होतं. बायको हेमा, तिचा भाऊ अनिश. हा अनिश जेटीजवळ जुन्या लाकडी होड्यांवर फायबर चढवून द्यायचा, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूवर फायबर चढवलं की प्रश्न मिटतो असं त्याचं मत होतं. कोल्हापूरच्या स्पर्धेत रत्नागिरीचं एकच विमान घेणार होते. ते आपलं नसेल, ही कल्पनाच चिंतामणीला सोसत नव्हती.

शेवटी गावाबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, दोन्ही विमानं उडवून सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. पंच म्हणून हेमा आली, कारण या दोघांना गप्प करू शकणारं दुसरं माणूस जिल्ह्यात नव्हतं.

आधी चिंतामणीचं विमान उडालं. ते इतकं हलकं, की समुद्रावरचा वारा सुटल्यावर तोंड पुढे ठेवून मागे मागे जाऊ लागलं. चिंतामणी रिमोटशी झटत राहिला आणि विमान करवंदीच्या जाळीत शिरलं. बाहेर निघाल्या त्या काटक्या.

अनिशचं विमान जड. ते कातळावरून एसटीसारखं खडखडत धावलं, पण एकदा वर गेल्यावर वाऱ्याला जुमानेना. चिंतामणीचा चेहरा उतरला. तेवढ्यात विमान उतरताना आपटलं आणि पंखाचं टोक मोडलं. मोडल्या जागी फायबरच्या आत पांढुरकं लाकूड दिसलं.

"हे काय रे?" चिंतामणीने विचारलं.

होडीला करतो तेच केलं, असं अनिश म्हणाला. भावोजींचं एक जुनं विमान माळ्यावर पडलं होतं, त्यावरच दोन थर चढवले. "आतून नवीन कोण करत बसतो?"

चिंतामणीला आनंदाचं भरतं आलं. म्हणजे उडालं ते लाकूडच! उघडं लाकूड करवंदीत आहे, हे अनिशने सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण. प्रत्येक फासळी आपल्या हातची, वरचं रेशमी कापडसुद्धा आपणच ताणून बसवलंय, असं चिंतामणीने पंचांना ठणकावून सांगितलं, आणि पुरावा म्हणून फायबरचा पापुद्रा ओढून काढला. खाली जांभळं रेशीम होतं आणि त्याला जरीचा काठ होता.

हेमा वाकली. तिने काठावरून बोट फिरवलं.

"ही साडी वन्संनी नेली म्हणून मी वर्षभर त्यांच्याशी बोलत नाहीये," ती शांतपणे म्हणाली. "तर विमान कोणाचं म्हणालात?"

चिंतामणीने पापुद्रा हलकेच पुन्हा जागेवर दाबून बसवला.

"अनिशचं," तो म्हणाला. "फायबरच आहे गो ते. जाऊ दे त्यालाच कोल्हापूरला."